लाल पाठीचा सॅलमँडर: पहिला वॉश बसला

सॅलमँडरच्या चित्रात पाठीचा पहिला वॉश, म्हणजे जलरंगाचा पातळ थर, मनासारखा बसला. मे महिन्यात नागपुरात कूलरसमोर बसून रंगवायचं म्हणजे ब्रश उचलेपर्यंत रंग वाळलेला. आता पावसाची झड लागलीय, कागद बराच वेळ ओला राहतो आणि पाठीचा तांबडा पट्टा कडेच्या राखाडीत हळूच विरतो. हे चित्र पावसाळ्यासाठी राखून ठेवलं होतं ते याचसाठी.

सॅलमँडर म्हणजे दिसायला पालीसारखा, पण बेडकासारखा उभयचर प्राणी. हा लाल पाठीचा, शास्त्रीय नाव प्लेथोडॉन सिनेरियस, उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलातला. शेपटीसकट जेमतेम ६ ते १२ सेंटिमीटर. याला फुप्फुसं नाहीतच! सगळा श्वास कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून. कातडी ओली असेल तरच ऑक्सिजन आत शिरतो, त्यामुळे चकाकी नीट उतरली नाही तर चित्रातला प्राणी गुदमरलेला दिसेल. चकाकीच्या जागा मास्किंग फ्लुइड (कागदावर रंग बसू न देणारा द्रव) लावून कोऱ्या ठेवल्यात.

कुशीवरच्या उभ्या खाचांना सगळ्यात जास्त वेळ दिला. पुढच्या आणि मागच्या पायांच्या मध्ये त्या साधारण १८ ते २० असतात. जमिनीचा ओलावा त्यांच्यातून अंगावर चढतो, म्हणून प्रत्येक खाचेच्या तळाशी गडद रंगाची बारीक रेघ ओढली आणि वरची कड उजळ ठेवली. पोटाकडची कातडी मीठ-मिरी भुरभुरल्यासारखी दिसते. ते ठिपके रंग पूर्ण वाळल्यावर टाकाच्या निबनं देणार.

डोकं भिंगाखाली केलं. नाकपुडीपासून वरच्या ओठापर्यंत केसाएवढी खाच उतरते. हा प्राणी नाक जमिनीला टेकवतो आणि तिथला वास ओलाव्याबरोबर या खाचेतून वर नाकात जातो. फुप्फुसं नसलेल्या या कुळाची ही खास खूण. चित्रात ती जेमतेम दोन मिलिमीटरची आहे, तरी माझ्या मते याच रेघेनं चेहऱ्यात जीव आला. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना पाच, तेही तपासून घेतलं.

आता पार्श्वभूमी. आपल्याकडे सागाची वाळकी पानं हवी तेवढी मिळतात, पण याच्या जंगलात ती कुठून येणार? तिथं ओक, मेपल आणि बीच, म्हणून पानांचे नमुने फोटोंवरून काढतोय. कोपऱ्यात कुजक्या ओंडक्याच्या पोकळीत छताला लटकलेला अंड्यांचा घोस आणि त्याला वेटोळं घालून राखण करणारी मादी दाखवायची आहे. पाण्यात पोहणारी अळीची अवस्था यांच्यात नसते, अंड्यातून थेट इवलासा सॅलमँडरच बाहेर येतो. तेव्हा एका अंड्यात आतला जीव अंधुक दिसेल असा पातळ वॉश आधी वेगळ्या तुकड्यावर करून बघतो.