टपाली डाव १: १६२० ने १८४० ला हरवलं

कोल्हापूर–रत्नागिरी जोडीतला टपालाने खेळलेल्या बुद्धिबळाचा पहिला डाव संपला. पांढरी शाहूपुरीच्या खेळाडूकडे, रेटिंग १६२०; काळी रत्नागिरीकडे, १८४०. एलो या रेटिंग पद्धतीच्या हिशेबाने २२० च्या फरकात खालच्याकडून ०.२२ गुणाचीच अपेक्षा असते. संगणकाची मदत दोघांनाही बंद होती.

डावाच्या शेवटाकडची ही मांडणी पटावर लावून घ्या. पांढरा: राजा ई५, हत्ती ए७, प्यादं ई४. काळा: राजा डी८, हत्ती सी१. चाल काळ्याची.

इथे ३१३६, म्हणजे हत्ती सी६, एवढंच पुरे होतं. (कार्डावर चाल आकड्यांत लिहितात: पहिले दोन आकडे निघायचं घर, पुढचे दोन पोचायचं; ए ते एच म्हणजे १ ते ८. सी१ म्हणजे ३१.) सहावी रांग अडली की पांढऱ्या राजाला वर यायला वाट नाही. प्यादं ई६ वर आलं की हत्ती पहिल्या रांगेत नेऊन मागून शह देत राहायचं. हत्ती-प्याद्याच्या शेवटातली ही बचावाची रीत, म्हणजे फिलिडॉरची बरोबरी, तोंडपाठच हवी.

काळ्याच्या कार्डावर आलं ते असं: ‘३१३७, १७३७ असेल तर ४८३७.’ हत्तीला हत्ती देऊन मोकळं व्हायचं. अशी जर-तर चाल, म्हणजे समोरच्याच्या अपेक्षित चालीला आधीच दिलेलं उत्तर, लिहिली की ती बांधील. समोरच्याने तीच चाल केली तर माघार नाही. पांढऱ्याने १७३७ करून, ४८३७ धरून, त्याच कार्डावर ५५५६ लिहिलं. अख्ख्या डावातली सर्वांत सुंदर चाल ही. राजा डी५ वर गेला असता तर काळा डी७ वर समोर उभा राहिला असता आणि बरोबरी होती. ई६ वर मात्र राजा प्याद्याच्या दोन घरं पुढे, सहाव्या रांगेत. मग चाल कोणाचीही असो, प्यादं आठव्या रांगेत पोचतंच. ३७४८, ५६६७, ४८४७, ५४५५, आणि काळ्याने डाव सोडला.

म्हणून जर-तर लिहिताना साखळी संपल्यावरची मांडणी पटावर लावून बघावी. एका कार्डाचे पन्नास पैसे आणि चार दिवस वाचवायला बरोबरीचा अर्धा गुण जातो.

कार्डाबद्दल: समोरच्याची शेवटची चाल, कार्ड मिळाल्याची तारीख आणि टाकल्याची तारीख दर वेळी लिहावी. आंबा घाटात पावसाने टपाल अडलं तरी तो वेळ कुणाच्याच खात्यात धरत नाहीत, पण तारखा नसतील तर वाद होतो. बॉलपेनच वापरावं, शाई भिजून पसरते. आकडे १ ते ८ च असतात. ९ दिसला तर तो घाईत लिहिलेला १ असणार, विचारून घ्यावं.

उलट रंगांचा दुसरा डाव सिसिलियन या सुरुवातीत आहे, चाल रत्नागिरीची.