तुम्ही विचारलंत म्हणून: बक्षीस आणि लिंबातलं रक्त

"ताई, तुमच्या बक्षीस समारंभात पोरं शेवटपर्यंत बसतात कशी?" पंचवटीत आमचा रविवारचा मुलांचा गट आहे. दुसऱ्या गटांची मंडळी विचारतात, पालक विचारतात, परवा हॉलच्या वॉचमनकाकांनीही विचारलं.

पहिली दोन वर्षं बसत नव्हती. दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ आणि मग यादी. तिसऱ्या नावाला मागच्या रांगेत ढकलाढकली सुरू. यादी पाहुण्यांच्या हातात असली की नाव ऐकेपर्यंत मुलाचा जीव टांगणीला, आणि ऐकल्यावर दोन सेकंदांत फोटो, खाली उतर. वर्षभराच्या मेहनतीला एवढंच?

आता यादी नसते. दोरीवर कोरे कागद टांगलेले असतात. त्यांवर नावं धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने लिहिलेली. सुकलं की काही दिसत नाही. खायच्या सोड्यानेही जमतं, पण रंग फिका विटकरी येतो. धुण्याच्या सोड्याने लालभडक. फक्त तो मोठ्यांनी हाताळायचा, हातमोजे घालून. वरून फवारायचं ते स्पिरिटमध्ये भिजवलेल्या हळदीचं पिवळं पाणी. फडक्याने नीट गाळा, नाहीतर बाटलीचं तोंड बुजतं आणि ऐन वेळी नुसतीच फुसफुस. हळदीतलं कर्क्युमिन सोड्याला लागलं की लाल होतं, म्हणून पिवळ्या कागदावर लाल नाव उमटतं. फवारतो तो आधीचा बक्षीसवाला. पुढचं नाव कुणाचं, हे त्यालाही माहीत नसतं. सगळा हॉल अक्षर अक्षर वाचतो. द्राक्षांच्या हंगामात काळ्या द्राक्षांचा दाट रस वापरून पाहिला, खायच्या सोड्याच्या अक्षरांवर निळसर-हिरवी छटा आली. छान दिसतं, पण माशा येतात.

बक्षीस घेणारी मुलं मंचावर प्रयोगही करून दाखवतात. त्यात एकदा फजिती झाली. उंच जगमध्ये व्हिनेगर आणि खायचा सोडा घालायचा, फेस खाली बसू द्यायचा आणि नुसता वायू मेणबत्त्यांवर ओतायचा. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, त्यामुळे जग रिकामा दिसतो तरी ज्योती एकेक करून विझतात. घरी दहादा जमलं होतं. हॉलमध्ये छताचा पंखा चालू राहिला. मुलगी ओततेय, वायू भलतीकडेच, ज्योती नुसत्या नाचतायत, पोरं खदाखदा हसतायत. पंखा बंद केला, लगेच जमलं. टाळ्या मात्र फसलेल्या वेळेलाच जास्त. (स्पिरिटची बाटली आणि मेणबत्त्या एकाच टेबलावर कधीच नको. आणि पोटॅशियम परमँगनेट-ग्लिसरीनची ती आपोआप पेटणारी आग कितीही भारी दिसली तरी आम्ही करत नाही.)

एका नियमाला मात्र सूट नाही: प्रयोग करणाऱ्याने रहस्य तिथेच फोडायचं. आपल्याकडे याच युक्त्यांवर भोंदूबाबांनी पोटं भरली. 1989 साली नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली, तिचे कार्यकर्ते गावोगाव असे 'चमत्कार' करून दाखवतात आणि मग उलगडतात. ती पद्धत मी सरळ उचलली. नुसती जादू दाखवून मुलाला मंचावरून उतरवलं, तर त्याच्यात आणि बाबात फरक काय?

गेल्या वर्षीचं शेवटचं बक्षीस सहावीतल्या मुलाचं. त्याने लिंबू कापलं, लालबुंद थेंब ओघळले. हॉल चिडीचूप. मग त्याने सुरी दाखवली: आधी पात्यावर लाल जास्वंदीच्या पाकळ्या चोळून वाळवल्या होत्या. तो रंग आंबटात लालभडक होतो.

पहिल्या रांगेत त्याची आजी होती. ती उठून उभीच राहिली. "म्हणजे रे, त्या बुवाने घरातली बाधा काढली म्हणून माझ्याकडून एकवीसशे रुपये नेले ते?"

"आजी," तो माइकवरच म्हणाला, "फूल तर आपल्याच कुंडीतलं असणार."