तुम्ही विचारलंत म्हणून: एजंटच साइट बनवतात, मग मी काय करते?

प्रश्न ठरलेला असतो. "आता साइट एआय एजंटच बनवतात ना? एक लिहितो, एक तपासतो, एक सुधारतो. मग तू दिवसभर करतेस काय?" कोणी कौतुकानं विचारतं, कोणी खोचकपणे. इतके दिवस हसून विषय बदलला. आता एकदाच सविस्तर सांगते.

एजंट, म्हणजे सांगितलेलं काम टप्प्याटप्प्यानं स्वतःच करणारे एआय प्रोग्रॅम, काम करत नाहीत असं माझं म्हणणं नाही. ढीगभर करतात. प्रत्येकाला गिटची (कोडमधले बदल सांभाळणारं साधन) वेगळी वर्कट्री, म्हणजे फाइलींची स्वतंत्र प्रत, दिली की एकमेकांच्या फाइलींत लुडबुड होत नाही, आणि रात्री काम लावून झोपलं तर सकाळी ब्रँच, म्हणजे बदलांची वेगळी शाखा, मूळ कोडमध्ये मिसळायला (मर्ज करायला) तयार. त्यांच्या कुरबुरीही बघण्यासारख्या असतात. डिझाइनवाल्याला पांढऱ्यावरची अक्षरं जरा फिकी हवी होती, म्हणून त्यानं राखाडी रंग #७७७७७७ केला. ॲक्सेसिबिलिटीवाल्यानं, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही साइट वापरता यावी हे बघणाऱ्यानं, तो #७६७६७६ वर आणला. डोळ्यांना काही फरक कळत नाही, पण पहिल्याचा कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) ४.४८ आणि दुसऱ्याचा ४.५४; नियमाला किमान ४.५ लागतो. रात्रभर रंग इकडून तिकडे होत राहिला. रिव्ह्यू करणारा दर वेळी मान्यता देत होता, कारण दर वेळी कारण पटण्यासारखं होतं!

हे हसून सोडता आलं. पुढचं नाही.

एका संस्थेच्या साइटवर नोंदणीचा फॉर्म हवा होता. नाव, ईमेल, फोन, खाली बटण. यात बिघडण्यासारखं काय आहे? कोड लिहिणाऱ्या एजंटकडे खऱ्या सर्व्हरची की (प्रवेशाचा गुप्त कोड) नव्हती, त्यामुळे त्याची रिक्वेस्ट फेल होत होती. मग त्यानं एक छोटं फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, लिहिलं, जे काहीही भरलं तरी 'यशस्वी' असंच उत्तर देतं. वर प्रामाणिकपणे कॉमेंट, म्हणजे कोडमध्येच वाचणाऱ्यासाठी टीप, टाकली: तात्पुरतं, नंतर सर्व्हरला जोडायचं आहे. काम लांबलं, त्याचा कॉन्टेक्स्ट (एका वेळी त्याच्यासमोर मावणारा मजकूर) भरत आला आणि आधीच्या कामाचा सारांश तयार झाला. सारांशात दोनच शब्द उरले: 'फॉर्म पूर्ण'.

टेस्ट करणाऱ्यानं तो सारांश वाचला. ब्राउझर उघडून फॉर्म भरला, बटण दाबलं, 'धन्यवाद, नोंदणी झाली' हा मजकूर दिसतो का ते पाहिलं. दिसला. टेस्ट हिरवी, म्हणजे पास. रिव्ह्यूवाल्यानं हिरवी टेस्ट पाहून मर्ज केलं. त्यानंतर कोड आवरणारा एजंट आला आणि त्यानं जुन्या कॉमेंट काढून टाकल्या. सगळ्या साइटमध्ये खरं बोलणारी तेवढी एकच ओळ होती, तीही गेली.

साइट लाइव्ह झाली. काही दिवसांनी संस्थेच्या बाईंचा फोन आला. तक्रार करायला नव्हता. त्या म्हणाल्या, "एकही नोंदणी आली नाही हो. लोकांना रसच नसेल, कार्यक्रम रद्द करावा म्हणते." त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. लोकांनी फॉर्म भरले होते, त्यांना धन्यवादही मिळाले होते, आणि ती नावं कुठेही साठलेली नव्हती. परत मिळवण्यासारखंही काही नव्हतं. बाई मात्र इतके दिवस दोष स्वतःच्या कार्यक्रमाला देत होत्या.

मी एकेका एजंटला विचारलं, फॉर्म तपासला का? सगळ्यांनी हो म्हटलं, आणि खोटं कोणीच बोललं नाही. मग विचारलं, भरलेलं नाव डेटाबेसमध्ये कुठं आहे ते दाखव. नाव कुठंच नव्हतं; कोडवाल्यानं ते खोटं 'यशस्वी' सांगणारं फंक्शन मात्र लगेच शोधून दिलं, वर ठरलेलं पालुपद: "तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे." अरे, मी काही म्हटलंच नव्हतं!

चौघांचं एकमत म्हणजे चार साक्षीदार नव्हेत. एकाच्याच तोंडचं बाकीचे तीन जण पुढे सांगत होते. माझं दिवसभराचं काम बरंचसं इथं आहे: कोणी काय वाचायचं नाही, हे ठरवायचं. आता टेस्टवाल्याला कोडवाल्याचा सारांश मिळत नाही, कोडही नाही. त्याला फक्त मूळ मागणी मिळते, आणि भरलेली नोंद डेटाबेसमधून काढून दाखवल्याशिवाय त्याचं 'झालं' मी धरत नाही. हे एजंटांना दिलेल्या निर्देशांच्या फाइलीत दोन ओळींत मावतं. म्हणून लोकांना वाटतं, दोनच ओळी तर लिहिल्या.

पूर्वी मीच सांगत फिरायचे की एजंट वाढवा, काम झपाट्यानं होतं. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रूक्सनं १९७५ मध्येच सांगून ठेवलंय. त्यावर माझं ठरलेलं उत्तर असायचं, ते माणसांचं झालं. एजंटांना ना मीटिंग, ना रुसवेफुगवे. मीटिंग खरंच नसतात, पण सारांश असतात, आणि मीटिंगमध्ये जे हरवतं ते सारांशातही हरवतं. शिवाय खर्च. अँथ्रोपिक या एआय कंपनीनं २०२५ मध्ये स्वतःच लिहिलं होतं की अनेक एजंटांची रचना साध्या चॅटच्या सुमारे १५ पट टोकन (मजकुराचे छोटे तुकडे, ज्यांवर खर्च ठरतो) वापरते. लहान साइटला एकच एजंट पुरतो का? बऱ्याचदा पुरतो. तरी मी टीम का लावते? एकट्यानं स्वतःचंच काम तपासलं तर तो आणखी लवकर खूश होतो, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही. लिहिणारा आणि तपासणारा दोघंही एकाच एआय मॉडेलवर चालतात, तेव्हा एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसेलच असंही नाही.

"मग तपासणाऱ्यावर लक्ष ठेवायला आणखी एक ठेव ना," असं सुचवणारेही भेटतात. ठेवला होता. त्यानं अहवाल दिला की तपासणी व्यवस्थित झाली आहे. कशावरून, असं विचारलं, तर त्यानं तपासणाऱ्याचाच अहवाल पुढे केला.