रावेरचं रेशन कार्ड आणि इंदुरातलं कंट्रोलचं दुकान

आमचं रेशन कार्ड रावेर तालुक्यातलं, प्राधान्य कुटुंबाचं. सासू-सासरे गावीच असतात. ह्यांना सांवेर रोडला कारखान्यात काम लागलं, तसे आम्ही तिघं इंदुरात बाणगंगेला भाड्याच्या खोलीत राहायला आलो. कार्डावर नावं पाच, माणशी 5 किलो, म्हणजे महिन्याला 25 किलो. 2023 पासून हे धान्य फुकट मिळतं. तरी इंदुरात आम्ही गहू विकतच आणत होतो, कारण गावाहून पोतं आणायचं तर गाडीभाडंच जड जातं.

‘वन नेशन वन रेशन कार्ड’ म्हणजे आपल्या गावच्याच कार्डावर दुसऱ्या राज्यातल्या रेशन दुकानातही धान्य घेता येतं; हे 2019 मध्ये सुरू झालं. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्यं जानेवारी 2020 पासून त्यात आहेत. अर्ज नाही, फी नाही, पत्ता बदलायचा नाही. कार्डाचा नंबर किंवा आधार सांगायचा आणि मशीनवर अंगठा लावायचा, एवढंच.

पण इथल्या कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानदाराने कार्ड उलटंपालटं करून परत दिलं. ‘‘ये तो महाराष्ट्र का है. समग्र आयडी लाओ, पात्रता पर्ची लाओ.’’ अहो, समग्र आयडी म्हणजे इथल्या सरकारने दिलेला नंबर आणि पात्रता पर्ची म्हणजे इथली रेशनची चिठ्ठी, दोन्ही मध्य प्रदेशच्या रहिवाशांची. आमच्याकडे ती असतील कुठून? पुन्हा गेले तर म्हणाला, मशीन चालत नाही. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला त्याच मशीनवर धान्य मिळालं, तेही माझ्या डोळ्यांदेखत. मग त्याने सल्ला दिला, ‘‘गावाकडून नावं कमी करून आणा, मग इथे बघू.’’

ह्या सल्ल्याचा राग अजून गेलेला नाही. तहसीलमध्ये नावं कमी केली की तिकडचा हक्क संपतो, आणि इथे नवीन नाव कधी लागेल ते कोणी सांगत नाही. आमच्या गल्लीतल्या खानदेशातल्या दोन घरांनी असंच ऐकलं, आणि ती घरं आज दोन्हीकडच्या धान्याला मुकली आहेत. कोणी कितीही सांगितलं तरी गावच्या कार्डावरची नावं काढू नका.

मी 181 वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनला, तक्रार लावली. दुकानाचा नंबर बाहेरच्या पाटीवर असतो, तो आधी लिहून घ्या, तिकडून पहिलं तेच विचारतात. मोती तबेल्याला कलेक्टर कार्यालयात मंगळवारी जनसुनवाई असते, तिथे जायचीही तयारी केली होती. त्याआधीच खाद्य विभागातून फोन आला, उद्या दुकानावर या म्हणून.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस, तेच मशीन. नंबर टाकताच आमची पाचही नावं समोर आली. ह्यांचा अंगठा काही लागेना; लोखंडाच्या कामाने रेषा घासल्या आहेत. मी माझं बोट लावलं आणि लगेच पावती निघाली. कार्डावरच्या कोणाही एकाचं बोट चालतं, म्हणून घरातल्या दोघांनी जावं.

पावती निघण्याआधी किलो नक्की सांगा. दुकानदार सरसकट 25 टाकायला निघाला होता. मी 15 च टाकायला लावले, म्हणजे उरलेले 10 सासू-सासऱ्यांना गावच्या दुकानात मिळाले. असं वाटून घेता येतं, ते नियमातच आहे. पूर्ण कोटा इथे उचलला असता तर म्हातारी माणसं तिकडून रिकाम्या पिशवीने परत गेली असती.

परराज्यात फक्त केंद्राचं धान्य मिळतं. महाराष्ट्र सरकारने सणाला वेगळं काही दिलं तर ते गावीच घ्यावं लागतं.

आणि हो, ई-केवायसी, म्हणजे मशीनवर आधारवरून ओळख पटवणं. कार्डावरच्या प्रत्येकाची झालेली असली पाहिजे, नाहीतर त्या माणसाचं धान्य अडतं. त्यासाठी गावी जायची गरज नाही, इथल्या दुकानातही होते. मुलगा पाच वर्षांचा झाला असेल तर आधी आधार केंद्रात त्याच्या बोटांचे ठसे द्या, नाहीतर त्याचं बोट मशीनवर लागणार नाही.