स्वस्त रिमोट गाडीची उकल: रेडिओ वगळून थेट आयसीला संकेत

मागील टप्प्यात गाडीचे कवच काढून मोटारी, बॅटरीचा कप्पा आणि आतला एकमेव सर्किट बोर्ड मोकळा केला होता. या टप्प्यात बोर्डवरील भाग न उपसता त्याची सर्किट आकृती काढायची, रिमोटचा संकेत नोंदवायचा आणि जमल्यास तोच संकेत स्वतः तयार करून गाडीला द्यायचा, एवढे काम ठरवले होते. अशा गाड्यांमधील मूळ बोर्ड फेकून त्या जागी अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि तयार मोटर ड्रायव्हर बसवण्याची पद्धत सर्रास दिसते; परंतु त्यात शिकण्यासारखा निम्मा भाग केराच्या टोपलीत जातो, असे माझे मत आहे.

बोर्डच्या एकाच बाजूला तांबे आहे, त्यामुळे आकृती काढणे अवघड गेले नाही. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेतली, त्यांपैकी एक आरशातल्यासारखे उलटवून दुसऱ्यावर ठेवले आणि जिथे शंका आली तिथे मल्टिमीटरने सातत्य, म्हणजे दोन बिंदू विजेने जोडलेले आहेत का, ते तपासले. आकृती पुरी होताच बोर्डचे तीन भाग स्पष्ट झाले: एका ट्रान्झिस्टरचा रेडिओ, सोळा पायांची डिकोडर आयसी (संकेताचा अर्थ लावणारी चिप) आणि मोटारी फिरवणारे ट्रान्झिस्टर.

रेडिओचा भाग सुपर-रिजनरेटिव्ह पद्धतीचा आहे. ही रचना एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९२२ मध्ये मांडली. त्यात एकच ट्रान्झिस्टर स्वतःहून दोलन सुरू करतो, ते दोलन सतत विझवले जाते आणि पुन्हा उभे राहते. बाहेरून योग्य वारंवारतेचा संकेत आला की दोलन अधिक लवकर उभे राहते आणि हा फरकच पुढे संकेत म्हणून वापरला जातो. इतक्या थोड्या भागांत इतकी संवेदनशीलता देणारी दुसरी रचना क्वचितच सापडेल. मात्र तिची निवडक्षमता, म्हणजे शेजारच्या वारंवारतांचे संकेत वेगळे काढण्याची क्षमता, कमी असते आणि रिमोट बंद असताना तिच्यातून केवळ खरखर बाहेर पडते. रिमोटमधील क्रिस्टलवर २७.१४५ मेगाहर्ट्‌झ असे छापलेले आहे. या वारंवारतेची तरंगलांबी सुमारे ११ मीटर, म्हणजे पाव तरंगलांबीची अँटेना पावणेतीन मीटर व्हायला हवी. गाडीवर प्रत्यक्षात वीतभर तार आहे. तिची उणीव अँटेनाजवळची कॉइल काही अंशी भरून काढते, तरी पल्ला मर्यादित राहतो. कॉइलमधील फेराइटच्या स्क्रूला मी हात लावलेला नाही, कारण रिसीव्हरची वारंवारता त्यावरच जुळवलेली असते.

या बोर्डचा खरा गाभा आरएक्स-२बी ही आयसी आहे. रिमोटमध्ये तिची जोडीदार टीएक्स-२बी बसते. रेडिओचा क्षीण संकेत याच आयसीमधील दोन प्रवर्धक टप्प्यांतून मोठा होतो आणि मग तिसऱ्या पायाला, म्हणजे संकेत घेणाऱ्या पायाला, दिला जातो. त्या पायावर ऑसिलोस्कोप लावल्यावर जे दिसले ते अपेक्षेपेक्षा साधे होते. प्रत्येक आदेशाच्या सुरुवातीला चार रुंद स्पंद येतात. त्यांची वारंवारता ५०० हर्ट्‌झ आणि ड्यूटी सायकल ७५ टक्के, म्हणजे दीड मिलिसेकंद उच्च आणि अर्धा मिलिसेकंद नीच पातळी. त्यानंतर १ किलोहर्ट्‌झचे अरुंद, ५० टक्क्यांचे स्पंद येतात आणि आदेश त्यांच्या केवळ संख्येवरून ठरतो: पुढे जाण्यासाठी १०, मागे येण्यासाठी ४०, डावीकडे ५८, उजवीकडे ६४. बटण सोडल्यावर समाप्तीचे ४ स्पंद जातात.

या संख्या एकमेकींपासून किमान सहाच्या अंतरावर का ठेवल्या असाव्यात, हे आकडे समोर आल्यावर लक्षात येते. खरखरीत एखाद-दुसरा स्पंद हरवला किंवा वाढला तरी एका आदेशाचा दुसरा आदेश होत नाही. शिवाय काळ काटेकोरपणे मोजण्याऐवजी स्पंद मोजायचे असल्याने आयसीला क्रिस्टल लागत नाही, एका रेझिस्टरवर चालणारे १२८ किलोहर्ट्‌झचे घड्याळ पुरते. याची किंमत वेळेत मोजावी लागते. सुरुवातीचे ८ मिलिसेकंद धरून पुढे जाण्याचा आदेश १८ मिलिसेकंदांत संपतो, तर उजवीकडे वळण्याच्या आदेशाला ७२ मिलिसेकंद लागतात. संकेतात गाडीची ओळख सांगणारा कोणताही भाग नाही; त्याच वारंवारतेचा आणि त्याच जोडीतील आयसीचा कोणताही रिमोट ही गाडी चालवू शकतो. एकाच खेळण्याच्या २७ आणि ४० किंवा ४९ मेगाहर्ट्‌झच्या वेगळ्या आवृत्त्या का निघतात, याचे उत्तर इथे आहे.

मागील चाकांची मोटार सहा ट्रान्झिस्टरांच्या एच-ब्रिजवर, म्हणजे मोटार दोन्ही दिशांना फिरवता येणाऱ्या रचनेवर, चालते. त्यात एस८०५० आणि एस८५५० या नेहमीच्या जोड्या आहेत. मोटारीच्या वेटोळ्याचा रोध माझ्या मोजणीत १.८ ओहम आला. चाक अडवले तर ६ व्होल्टच्या बॅटरीतून कागदावर ३ अँपिअरहून अधिक प्रवाह निघतो आणि या ट्रान्झिस्टरांची मर्यादा निर्मात्यानुसार अर्धा ते दीड अँपिअर असते. म्हणून पुढील प्रयोगांत चाके नेहमी जमिनीपासून उचललेली ठेवली. पुढे आणि मागे या दोन्ही दिशा एकाच वेळी चालू झाल्या तर ब्रिजमधून बॅटरी थेट शॉर्ट होईल. ते टाळण्यासाठी बोर्डवर कसलीही सोय नाही. सोय आहे ती संकेतांच्या यादीत: ‘पुढे आणि मागे’ असा आदेशच तिथे नाही.

याच कारणासाठी मी एच-ब्रिजमधील ट्रान्झिस्टरांच्या बेसना (नियंत्रण करणाऱ्या पायांना) हात न लावता आयसीच्या तिसऱ्या पायातून शिरण्याचे ठरवले. प्रवर्धकाकडून येणाऱ्या रेझिस्टरचे एक टोक उचलले, म्हणजे रेडिओची खरखर मध्ये येत नाही. अर्डुइनोची पातळी ५ व्होल्ट आणि आयसीचा पुरवठा झेनर डायोडमुळे ३ व्होल्टच्या आसपास, त्यामुळे व्होल्टेज कमी करणारा १० आणि १५ किलोओहम रेझिस्टरांचा विभाजक लावला आणि दोन्हींची ऋण बाजू एकत्र जोडली. आधी मोटारीऐवजी दोन एलईडी परस्परविरुद्ध दिशेने, रेझिस्टरसह बसवले. १० स्पंद पाठवताच एक पेटला आणि ४० पाठवताच दुसरा. मोटार परत जोडल्यावरही आदेश अचूक पाळले गेले.

वेगनियंत्रण मात्र या मार्गाने होणार नाही, कारण आदेश चालू किंवा बंद एवढेच सांगतात आणि १८ मिलिसेकंदांपेक्षा वेगाने ते बदलता येत नाहीत. दुसरीकडे, आयसीचा बारावा पाय, म्हणजे टर्बोचा, या बोर्डवर कशालाही जोडलेला नाही. २२ स्पंदांचा आदेश दिल्यावर त्या पायावर उच्च पातळी मिळते आणि १६ स्पंदांत ती पुढे जाण्यासोबत मिळते. पुढील टप्प्यात तिथे एक लहान ट्रान्झिस्टर लावून गाडीचे पुढचे दिवे चालवणार आहे.