तुम्ही विचारलंत म्हणून : आठ दिवसांच्या ऑस्ट्रेलियात काय पाहावे?

मे महिन्याची सुट्टी किंवा दिवाळी जवळ आली की पुण्याहून, नाशिकहून, कधी डोंबिवलीतल्या एखाद्या लांबच्या मामेसासऱ्यांकडून मला एकच प्रश्न येतो : "आम्ही आठ-दहा दिवसांसाठी ऑस्ट्रेलियाला येतो आहोत, तर काय काय पाहून होईल?" प्रश्नाबरोबर बहुधा एक यादीही असते. तिच्यात सिडनी आणि मेलबर्न असतेच, केर्न्सजवळची प्रवाळाची बेटे असतात, उलुरूचा लाल खडक असतो आणि कोणाची बहीण पर्थला राहत असेल तर पर्थही असते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो. माझे उत्तर असे की सिडनी सोडून बाकीची नावे सरळ खोडावीत, एकाच घरी किंवा हॉटेलात मुक्काम टाकावा, आणि तिथून रोज लोकलने किंवा फेरीबोटीने बाहेर पडून रात्री जेवायला परत यावे.

हे ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो, कारण एवढा व्हिसा आणि एवढे तिकीट काढून एकाच शहरात राहायचे हे पटत नाही. पण हा देश क्षेत्रफळाने भारताच्या दुपटीहून मोठा आणि लोकसंख्येने महाराष्ट्राच्या जेमतेम चौथाई आहे, याचा अर्थ प्रवासाच्या दृष्टीने नीट ध्यानात घ्यायला हवा. दोन नावांच्या मध्ये इथे बहुतेक वेळा काहीच नसते. सिडनीहून पर्थला विमानाने पाच तास लागतात, आणि इंडियन पॅसिफिक नावाची रेल्वे हेच अंतर 4,352 किलोमीटरांचा वळसा घेत तीन रात्रींत कापते. उलुरू पाहायचे म्हणून ॲलिस स्प्रिंग्जचे तिकीट काढणारे लोकही मला भेटले आहेत. तिथून उलुरू आणखी साडेचारशे किलोमीटर दूर आहे, हे त्यांना उतरल्यावर कळते. आठ दिवसांत चार ठिकाणे करायची ठरवली, तर त्यांतले चार दिवस बॅगा भरण्यात आणि विमानतळावरच्या रांगेत जातात, आणि फोटो मात्र सगळीकडचे निघतात.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. शहर आणि अस्सल रान इतके शेजारी शेजारी असलेली महानगरे जगात फार नाहीत, आणि सिडनीत ते तसे का आहे, याचे उत्तर पायाखालच्या दगडात आहे. शहराचा मोठा भाग पिवळसर वालुकाश्मावर वसलेला आहे. 26 जानेवारी 1788 रोजी कैद्यांना घेऊन आलेली 11 इंग्रजी जहाजे इथे नांगर टाकून थांबली. हा गॅडिगल या इथल्या मूळ रहिवाशांचा मुलूख होता. आलेल्यांनी किनाऱ्यालगतच्या एका लहान खाडीपाशी पहिले शेत केले. वालुकाश्मावरची माती पातळ आणि निःसत्त्व, त्यामुळे पीक आलेच नाही आणि उपासमारीची पाळी आली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात गव्हर्नर आर्थर फिलिप यांनी पश्चिमेला, जिथे मातीत चिकणमाती होती तिथे, नवी वस्ती केली; तेच आजचे पॅरामॅटा. वालुकाश्माच्या खोल दऱ्या मात्र कधी नांगराखाली आल्याच नाहीत, म्हणून त्यांच्यातले जंगल टिकले आणि पुढे राष्ट्रीय उद्याने झाली. आज शहराच्या उत्तरेला, दक्षिणेला आणि पश्चिमेला ती हजारो हेक्टरांवर पसरलेली आहेत. पॅरामॅटा, हॅरिस पार्क, वेस्टमेड या चिकणमातीच्या पट्ट्यात आता आपल्या लोकांची घरे दाटीने आहेत, आणि आमच्या परसातला कढीपत्ता इतका माजतो त्याचे थोडे श्रेय फिलिपसाहेबांच्या त्या निर्णयाला द्यावे लागेल.

शहरापासून सुरुवात करायची ती सर्क्युलर की या धक्क्यावरून. ऑपेरा हाऊस लांबून सर्वांनी पाहिलेले असते, म्हणून माझा आग्रह असतो की पायऱ्या चढून छताच्या कवचाला अगदी खेटून उभे राहावे. लांबून शुभ्र दिसणारे ते छत पांढरे नाहीच. त्यावरच्या दहा लाखांहून अधिक फरशांमध्ये काही चकचकीत पांढऱ्या आहेत, तर काही सायीच्या रंगाच्या आणि बिनचमकीच्या. त्या दोन्हींची तिरकी नक्षी उन्हाचा डोळ्यांवर येणारा झोत मोडते. योर्न उत्झोन या डॅनिश वास्तुविशारदाने 1957 साली स्पर्धा जिंकून हे काम मिळवले, सरकारशी खटके उडाल्यावर 1966 साली ते सोडले आणि तो देश सोडून गेला. 1973 साली उद्घाटन झाले, 2007 साली इमारत जागतिक वारशाच्या यादीत गेली, पण पूर्ण झालेले ऑपेरा हाऊस प्रत्यक्ष पाहायला उत्झोन कधीच परत आला नाही. आतला फेरफटका तिकीट काढून करता येतो. गाण्याची आवड नसेल तर बाहेरून पाहणे पुरते, असे माझे मत.

तिथूनच पायी बोटॅनिक गार्डनमध्ये शिरावे. 1816 साली सुरू झालेल्या या बागेला प्रवेश फी नाही, आणि वर सांगितलेले फसलेले पहिले शेत याच जागी होते. हार्बर ब्रिजच्या कमानीवर चढवण्याचे तिकीट फार महाग आहे. परंतु पुलाच्या पूर्व बाजूच्या पादचारी मार्गावरून फुकट चालत जाता येते, आणि खाली बंदर, उजव्या हाताला धडधडणाऱ्या गाड्या आणि डोक्यावर 1932 सालची ती 503 मीटर लांबीची पोलादी कमान असा अनुभव पैसे न देता मिळतो. उत्तरेकडून चालत यावे म्हणजे ऑपेरा हाऊस सतत समोर, डाव्या अंगाला राहते.

बंदरातल्या सहलीच्या खासगी बोटींवर पैसे घालवण्यापेक्षा बंदराच्या मुखाजवळच्या मॅन्ली उपनगराची सरकारी फेरी धरावी. अर्ध्या तासाच्या या प्रवासाला लोकलचेच ओपल कार्ड चालते, ते नसेल तर बँकेचे कार्डही टेकवता येते. बोट बंदराच्या मुखासमोरून जाते तेव्हा दोन कड्यांच्या फटीतून थेट प्रशांत महासागराची लाट आत येते आणि तोवर सुस्त चाललेली बोट एकदम डुलू लागते. मे ते नोव्हेंबरच्या दरम्यान हंपबॅक व्हेल या किनाऱ्याने ये-जा करतात, म्हणून त्या दिवसांत मॅन्लीहून नॉर्थ हेडच्या कड्यावर जाऊन समुद्राकडे नजर लावून बसणे वाया जात नाही. बाँडायच्या समुद्रकिनाऱ्यावर जरूर जावे आणि तिथून कूजीपर्यंतची सुमारे सहा किलोमीटरांची कड्याकडेची वाट चालावी. पाण्यात उतरायचे असेल तर जीवरक्षकांनी रोवलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरावे; इथला आतून ओढणारा प्रवाह पट्टीच्या पोहणाऱ्यालाही दाद देत नाही, आणि घोट्याइतक्या पाण्यात फोटो काढणाऱ्यालाही.

आता रानाकडे वळतो. दक्षिणेकडच्या क्रोनुला स्टेशनावर लोकल संपते. स्टेशनाशेजारच्या धक्क्यावरून लहान बोट पकडून अर्ध्या तासात बंडीना गावी उतरले की रॉयल नॅशनल पार्क सुरू होते. हे उद्यान 1879 साली घोषित झाले आणि अमेरिकेतल्या यलोस्टोननंतरचे जगातले दुसरे राष्ट्रीय उद्यान म्हणून सहसा त्याचा उल्लेख होतो. बंडीनाहून थोडे चालल्यावर जिबन हेडच्या सपाट कातळावर धारावल या मूळ रहिवाशांनी कोरलेल्या आकृती आहेत. व्हेल, मासे, कांगारूसारखे प्राणी. भर दुपारी गेलात तर काहीच दिसणार नाही आणि 'एवढ्यासाठी आणलंत का?' असे ऐकून घ्यावे लागेल. रेषा उथळ आहेत. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात त्यांच्यात सावली भरते आणि मगच व्हेलची पाठ डोळ्यांसमोर उठून येते. याच रानात स्क्रिब्ली गम नावाचा निलगिरीचा एक प्रकार आहे. त्याच्या गुळगुळीत, पांढरट खोडावर एखाद्या लहान मुलाने पेन्सिलीने गिरगटावे तशा रेघा असतात. एका पतंगाची अळी सालीच्या आतून पोखरत जाते आणि जुनी साल गळून पडली की तिची वाट उघडी होते. निलगिरी वर्षभर पाने राखते आणि साल टाकते, हे तिथे बोट ठेवून पाहता येते.

गाडी असेल तर याच दिशेला हेलन्सबर्गचे श्रीवेंकटेश्वर मंदिर आहे. आईवडील बरोबर असले की मंदिर यादीत असतेच, आणि तिथल्या उपाहारगृहातल्या डोशासाठी मुलेही कुरकुर न करता येतात. मात्र दर्शन घेऊन लगेच माघारी फिरू नये, कारण पंधरा मिनिटांवर बाल्ड हिल आहे. तिथून खाली समुद्रात उतरत गेलेल्या कड्यांची रांग दिसते. 1894 साली लॉरेन्स हार्ग्रेव्ह यांनी याच टेकडीखालच्या किनाऱ्यावर आपल्या पेटीच्या आकाराच्या पतंगांना लटकून जमिनीवरून उचलले जाण्याचा प्रयोग केला होता, आणि वारा चांगला असेल तर आजही टेकडीवरून ग्लायडरवाले उड्या घेत असतात.

या सगळ्यांत एकच दिवस मिळाला तर कुठे जावे, असे विचाराल तर ब्लू माउंटन्स. सेंट्रल स्टेशनावरून तिथल्या कटूंबा गावापर्यंत लोकलने साधारण दोन तास लागतात. वाटेत ब्लॅक्सलंड, लॉसन आणि वेंटवर्थ फॉल्स ही स्टेशने येतात. 1813 साली ज्या तिघा वसाहतवाल्यांनी या डोंगरांतून पलीकडे जाण्याचा मार्ग काढला, त्यांची ही नावे. त्याआधीचे लोक दऱ्यांमधून वाट शोधत आणि उभ्या कड्यापाशी अडकत. या तिघांनी दरी सोडून डोंगराची धार धरली, आणि आजचा महामार्ग व लोहमार्ग अजून त्याच धारेवरून जातात. डारग आणि गंडंगरा लोकांची ये-जा तिथे हजारो वर्षे होती, हे वेगळे सांगायला नको. फक्त स्टेशनांना त्यांची नावे मिळाली नाहीत.

डोंगर म्हटल्यावर आपण वर पाहतो, पण इथे महाबळेश्वरासारखे आहे : गाव पठारावर आणि सगळे पाहायचे ते काठाखाली. गाडी हळूहळू हजार मीटर चढते तेव्हा विशेष काही जाणवत नाही, आणि मग इको पॉइंटला कठड्यापाशी गेल्यावर पायाखाली जेमिसन दरी उघडते. डाव्या हाताला थ्री सिस्टर्स हे तीन सुळके उभे असतात, आणि क्षितिजापर्यंत निलगिरीच्या माथ्यांशिवाय दुसरे काही नसते. त्यावरची निळी झाक खरी आहे. पानांतून उडणाऱ्या तेलाचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगतात आणि निळा प्रकाश अधिक विखुरतात, असे त्याचे कारण सांगितले जाते. 2000 सालापासून हा प्रदेश जागतिक वारसा आहे, आणि वोलेमाय पाइन हे केवळ जीवाश्मांवरून ठाऊक असलेल्या वंशातले झाड 1994 साली याच डोंगररांगांतल्या एका अरुंद घळीत जिवंत सापडले. ती घळ कुठे आहे हे अजून जाहीर केलेले नाही, तेव्हा ती दाखवा म्हणून मला सांगू नये.

बसगाड्यांतून येणारे बहुतेक प्रवासी इको पॉइंटला फोटो काढून परततात, आणि हे मला मुळीच मान्य नाही. दरीत उतरल्याशिवाय हे रान कळत नाही. वर कोरडी निलगिरी, आणि खाली ओल धरून असलेल्या सावलीत माणसाहून उंच वृक्षनेचे. नशीब असेल तर तिथे पाचोळा उकरणारा लायरबर्ड दिसतो, जो इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. गुडघ्यांची काळजी असलेल्यांनी सीनिक रेल्वेने उतरून लाकडी मार्गावर फिरावे आणि तिनेच वर यावे. कोळशाच्या खाणीसाठी टाकलेला हा मार्ग 52 अंशांत तिरका आहे, आणि तिकीट महाग असले तरी इथे मी पैसे खर्च करायला सांगतो. गुडघे धड असलेल्यांनी वेंटवर्थ फॉल्सला उतरून डार्विनच्या वाटेने जावे. चार्ल्स डार्विन 1836 साली ओढ्याच्या काठाने याच बाजूने कड्यापर्यंत आला होता. झाडीतून चालता चालता अचानक जमीन संपते, आणि ते त्यालाही अनपेक्षित होते. मात्र दरडी आणि दुरुस्ती यांमुळे उतरण्याच्या वाटा वरचेवर बंद असतात, म्हणून राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी पाहून घ्यावे.

कोआला कडेवर घेऊन फोटो काढायचा आहे, असे मुले हमखास म्हणतात. न्यू साउथ वेल्स राज्यात पर्यटकांना कोआला उचलू देत नाहीत. बंदरापलीकडच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात फेरीने जाऊन तो पाहावा, बहुतेक वेळा तो झाडाच्या बेचक्यात झोपलेला असेल.

राहिला प्रश्न मे की दिवाळी हा. मे महिन्यात इथे शरद ऋतू संपत आलेला असतो. हवा चालायला उत्तम, पण संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून सकाळी नऊपर्यंत चहा-पोह्यांत रमणाऱ्यांचा अर्धा दिवस जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवस मोठा असतो आणि रस्तोरस्ती जॅकरंडा फुललेला असतो, पण याच काळात घरट्यांची राखण करणारे मॅगपाय पक्षी मागून येऊन डोक्यावर झडप घालतात, तेव्हा टोपी असू द्यावी. मला विचाराल तर दिवाळी. कोणत्याही महिन्यात आलात तरी कटूंबाचा दिवस आधीपासून ठरवून ठेवू नका. पठारावर धुके उतरले की इको पॉइंटला हात पुढे केला तर बोटे दिसत नाहीत, म्हणून आदल्या रात्री हवामानाचा अंदाज पाहावा, आकाश स्वच्छ असेल तर सकाळची गाडी पकडावी, नाहीतर त्या दिवशी मॅन्लीला जावे.