ॲबरिस्टविथच्या ग्रंथालयात ग्रिफिथ जॉन विल्यम्स यांची कागदपत्रे

वेल्श भाषा आणि मध्ययुगीन साहित्याचे अभ्यासक प्रा. ग्रिफिथ जॉन विल्यम्स (१८९२–१९६३) यांची कागदपत्रे वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील ॲबरिस्टविथ येथे आहेत. बर्मिंगहॅमहून रेल्वेने तिथे पोचायला सुमारे तीन तास लागतात. वाटेत मखन्लेथला गाडीचे दोन भाग होऊन काही डबे पूलहेलीकडे जाऊ शकतात, तेव्हा आपला डबा कोणता ते बसतानाच विचारून घ्यावे. ग्रंथालय टेकडीवर आहे आणि चढ दम काढणारा आहे. सामान असेल तर सरळ बस पकडावी.

वाचकपत्र विनाशुल्क मिळते, मात्र ओळखीचा आणि राहत्या पत्त्याचा असे दोन पुरावे लागतात. भारतातून जाणाऱ्यांनी पासपोर्टबरोबर पत्ता छापलेले बँकेचे विवरणपत्र ठेवावे. वेळापत्रक पाहून हवी ती बाडे आधीच मागवून ठेवणे शहाणपणाचे. वाचनकक्षात शाईचे पेन चालत नाही, शिसपेन्सिलच न्यावी.

विल्यम्स यांच्या टिपणांचे मोल कळायचे असेल, तर यॉलो मोर्गानुग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एडवर्ड विल्यम्सची (१७४७–१८२६) बाडेही त्याच भेटीत मागवावीत, असे मी आग्रहाने सांगेन. पेशाने पाथरवट असलेल्या या विलक्षण माणसाने स्वतः कविता रचून त्या चौदाव्या शतकातील थोर कवी दावीद अप ग्विलिम याच्या नावावर खपवल्या, आणि १७८९ साली लंडनमध्ये निघालेल्या त्या कवीच्या पहिल्या छापील संग्रहाच्या पुरवणीत त्या बिनबोभाट शिरल्या. शतकभराहून अधिक काळ वाचक त्यांवर खूश होते. प्रत्येक कवितेचे जुने हस्तलिखित खरोखर कुठे सापडते का, तिच्यातील शब्द आणि रूपे त्या काळी प्रचारात होती का, याची चिकाटीने छाननी करून ग्रिफिथ विल्यम्स यांनी १९२६ साली ही बनावटगिरी उघड केली. चोर पकडणाऱ्याने चोरावरच जीव लावावा, तसे त्यांचे पुढचे बरेचसे आयुष्य यॉलोच्याच अभ्यासात गेले. त्याची प्रतिभा त्यांनी कधी नाकारली नाही, आणि मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षाही ही न्यायबुद्धी मोठी वाटते.

यॉलोचे कागद हाताळताना त्याचा स्वभावच दिसतो: मिळेल त्या चिठोऱ्यावर, पत्रांच्या कोऱ्या पाठींवर दाटीवाटीने केलेले लेखन, आणि मध्येच त्याने स्वतः रचलेली, पण प्राचीन भाटांची म्हणून पुढे केलेली काटकोळ्या लिपी. खरा उतारा कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते, हे त्या पानावरून अजिबात कळत नाही. म्हणूनच ही गुंतवळ सोडवायला किती श्रम पडले असतील, ते छापील ग्रंथापेक्षा इथे अधिक जाणवते.

वेल्श येत नसेल तर मदतीला वेल्स विद्यापीठाचा ऐतिहासिक शब्दकोश आंतरजालावर मोफत उपलब्ध आहे. सूचीतील वर्णनेही पुष्कळदा वेल्शमध्येच असल्याने त्याची सवय घरूनच करून जावी. कार्मार्थनचे काळे पुस्तक आणि रिदर्खचे पांढरे पुस्तक ही जुनी हस्तलिखिते याच ग्रंथालयाची आहेत, पण त्यांची उत्तम छायाचित्रे संकेतस्थळावर असल्यामुळे वाचनकक्षातला वेळ त्यांवर घालवू नये. अर्धा दिवस हाती उरलाच तर दावीदचे जन्मस्थान मानले जाणारे ब्रोगिनिन जवळच, पेनरिन-कोख गावापलीकडे आहे. परतीच्या बसची वेळ मात्र निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी.